कोळसा उतरतो मुरगावात, हिशेब मांडतात कुठे?

मागच्या अंकात कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायूच्या जागतिक उत्पादनावर लेख होता. कोळसा वर्षाला सुमारे ९ अब्ज टन, तेल दिवसाला सुमारे १० कोटी पिंपे (पिंप म्हणजे १५९ लिटर), वायू वर्षाला सुमारे ४ लाख कोटी घनमीटर. सिमेंटचा थोडा वाटा धरला तर या सगळ्यातून वर्षाला जवळपास ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या लेखावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

मुरगाव बंदरातल्या कोळशाने आमच्या खिडक्या काळ्या होतात. पण हा कोळसा गोव्यात जळत नाही. मग हवामानबदलाशी त्याचा संबंध काय? आणि देशात एवढा कोळसा निघत असताना बाहेरून का आणतात? (बायणा, वास्को)

खिडकीवरचा थर आधी बाजूला काढू. कोळशाच्या भुकटीचा त्रास फुफ्फुसांना होतो. हवामान बिघडवतो तो कोळसा भट्टीत जळाल्यावर निघणारा वायू, आणि तो घाटापलीकडे निघतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण एकाच अर्जात कोंबल्या की दोन्हींना उत्तर मिळत नाही. धुळीसाठी पीएम १० चा (हवेतल्या बारीक कणांचा) आकडा मागावा. २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, वार्षिक सरासरीची ६०. ‘धूळ फार येते’ एवढेच न लिहिता तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहा, आणि त्या दिवसाची २४ तासांची सरासरी मागा. धूळ उडण्याच्या मुख्य जागा तीन: जहाजातून वर आलेली बकेट रिकामी होते तिथे, एका वाहक पट्ट्यावरून दुसऱ्यावर कोळसा पडतो तिथे आणि उघड्या ढिगावर. ढिगावर फवारे मारतात, पण दुपारी समुद्रावरून वारा सुटला की वरचा थर पुन्हा सुकतो. फवारा चालू आहे का, यापेक्षा तो किती वाजता चालू असतो हे विचारणे जास्त कामाचे.

आता बाहेरून का आणतात ते. भारतात २०२४-२५ मध्ये १ अब्ज टनांहून अधिक कोळसा निघाला, पण तो बहुतेक वीजकेंद्रांच्या कामाचा. पोलादाच्या झोतभट्टीला कोकिंग कोळसा लागतो. बंद भट्टीत तापवला की तो मऊ होतो आणि मग घट्ट, सच्छिद्र कोक बनतो. वरच्या लोहखनिजाचा भार या कोकला पेलावा लागतो. कोकिंग कोळशात राख १० टक्क्यांच्या आसपास हवी. आपल्या कोळशात ती बहुधा ३० ते ४५ टक्के असते. म्हणून ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून जहाजे येतात आणि मुरगावातून कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो.

एका मालगाडीचा हिशेब करू. साधारण ५८ वाघिणी, वाघिणीत ६५ टन, म्हणजे सुमारे ३,८०० टन. कोकिंग कोळशाच्या टनामागे सुमारे २.७ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. एका गाडीमागे १०,००० टन झाले. रोज लिटरभर पेट्रोल जाळणाऱ्या १२,००० स्कूटरी वर्षभरात जेवढा सोडतात, तेवढा. कुळ्याहून कॅसलरॉकपर्यंतचा घाट ३७ ला १ अशा चढाचा आहे, तिथे गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. त्यांचा कार्बन या आकड्यापुढे किरकोळ आहे.

हा १०,००० टनांचा आकडा कोणाच्या खात्यावर लिहायचा? आंतरराष्ट्रीय पद्धत अशी, की इंधन जिथे जळते तिथे हिशेब मांडायचा. ऑस्ट्रेलियाच्या खात्यात खाणीतल्या यंत्रांचे डिझेल आणि खाणीतून निसटलेला मिथेन पडतो. जहाजाचे इंधन कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत. ज्वलन भारताच्या खात्यात. म्हणजे कोळसा खणून विकणारा कागदावर जवळजवळ स्वच्छ, आणि तो ज्यांच्या दारावरून जातो ते गोंयकारही स्वच्छ. ही पद्धत चुकीची नाही, कारण एकच टन दोनदा मोजला जाऊ नये. पण ती फक्त धुराड्याकडे पाहते, खाणीच्या तोंडाकडे पाहत नाही. पुढच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ यातच आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखीतूनही येतो. वाढलेला वायू इंधनाचाच आहे हे कशावरून? (पर्वरी)

सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात, तो माणसांनी सोडलेल्याच्या १ टक्क्याहूनही कमी आहे. पण खरा पुरावा कार्बनच्या जातीत आहे. जिवंत झाडात किरणोत्सारी कार्बन-१४ असतो आणि दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षे गाडलेल्या कोळशात-तेलात तो उरतच नाही. असा कार्बन हवेत मिसळला की हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होते, आणि तसे ते झालेले मोजले आहे. कार्बन-१३ चे प्रमाणही घटते आहे. ज्वालामुखीचा वायू असता तर ते असे घटले नसते. शिवाय हवेतला ऑक्सिजन किंचित कमी होतो आहे. ज्वलनाशिवाय याचा मेळ बसत नाही.

हवाईतल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली, तेव्हा दहा लाख भागांत ३१५ भाग होते. आता ४२० च्या वर आहेत. उद्योगयुगाआधी २८० होते. गंमत म्हणजे ही वेधशाळाच ज्वालामुखीच्या उतारावर आहे. विवराकडून वारा येतो तेव्हाची मापे गाळून टाकतात.

घरच्या वापराचा हिशेब कसा काढायचा? आणि लिटरभर पेट्रोलातून दोन किलोहून जास्त वायू निघतो असे तुम्ही छापले, ते कसे शक्य आहे? (डिचोली)

लिटरभर पेट्रोलाचे वजन सुमारे ७४० ग्रॅम, त्यात कार्बन सुमारे ६४०. जळताना कार्बनच्या दर १२ ग्रॅमला हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो. ६४० ला ४४ ने गुणून १२ ने भागा, २.३ किलो येतात. वाढलेले वजन हवेतले आहे.

हे गुणक लिहून ठेवा: पेट्रोल लिटरला २.३ किलो, डिझेल लिटरला २.७, स्वयंपाकाचा गॅस किलोला ३, वीज युनिटला सुमारे ०.७३. वर्षाला आठ सिलिंडर (१४.२ किलोचे) लागत असतील तर ३४० किलो. महिन्याला १५ लिटर पेट्रोल म्हणजे वर्षाला ४१५ किलो. महिन्याला २०० युनिट वीज असेल तर तिचे वर्षाचे १,७५० किलो. लोक सिलिंडरवर काटकसर करतात आणि एसी १८ वर लावतात, तेव्हा कात्री कुठे लावायची ते या बेरजेवरूनच दिसेल. गोव्याची बरीच वीज छत्तीसगडमधल्या कोरबासारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते. धुराडे इथे दिसत नाही, एवढेच.

यातून एक न आवडणारी गोष्ट निघते. आजच्या विजेवर इंडक्शन शेगडी गॅसपेक्षा स्वच्छ नाही. गॅसच्या शेगडीत साधारण ६५ टक्के उष्णता भांड्याला मिळते, इंडक्शनमध्ये ८५. तरीही तेवढ्याच स्वयंपाकाला इंडक्शनचा कार्बन दुपटीहून अधिक पडतो, कारण वीज करतानाच कोळशाची बहुतेक उष्णता वाया गेलेली असते. आंघोळीच्या गीझरचेही तेच. गॅस गीझर मात्र बंद न्हाणीघरात कधीच लावू नये. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो. तो बाहेरच्या भिंतीवर लावा. सगळ्यात बरा सौर बंब.

मग इलेक्ट्रिक स्कूटरही कोळशावरच चालते ना? छतावर सौर पॅनेल बसवावे का? (फोंडा, काणकोण)

स्कूटरचा हिशेब उलटा लागतो. पेट्रोलची स्कूटर १०० किलोमीटरला सव्वादोन लिटर पिते, म्हणजे ५ किलो. इलेक्ट्रिक स्कूटरला साधारण ३ युनिट लागतात, म्हणजे आजच्या विजेवरही सव्वादोन किलोच्या आसपास. पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक उष्णता सायलेन्सरमधून आणि फिन्समधून निघून जाते, मोटरला ती गळती नाही.

पॅनेल जरूर बसवा. किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट मिळतात. जून ते ऑगस्टमध्ये हे बरेच खाली येते, म्हणून मे महिन्याच्या आकड्यावर हिशेब करून देणाऱ्यावर विसंबू नका. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते.

गोव्यात पॅनेल सहसा बिघडत नाही, सांगाडा आधी बिघडतो. नुसता रंग मारलेला लोखंडी सांगाडा खाऱ्या हवेत लवकर गंजतो. गरम जस्तात बुडवून काढलेलाच घ्या. समुद्राजवळ बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागा, ३०४ वर तांबूस डाग पडतात. ॲल्युमिनियमची चौकट आणि लोखंड थेट टेकू देऊ नका, मध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती हवी. नाहीतर खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते. मंगळुरी कौलांवर काही टेकवू नका, हुक कौलाखालच्या वाशाला धरला पाहिजे. आणि माड! एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी त्या माळेतल्या सगळ्यांचे उत्पादन खाली येते. जागा ठरवण्याआधी डिसेंबरात सकाळी नऊ आणि दुपारी तीनला छताचा फोटो काढून सावली पाहून घ्या.

पोदेराच्या (पाववाल्याच्या) लाकडाच्या भट्टीपेक्षा डिझेलची भट्टी पर्यावरणाला बरी असे सांगतात. खरे का? (साखळी)

कार्बनपुरते बोलायचे तर नाही. लाकडातला कार्बन झाडाने गेल्या काही वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो. तोडलेल्या जागी झाड वाढले तर तो परत जातो. डिझेलमधला कार्बन भूगर्भातून नव्याने वर येतो. पण झाड लावले नाही तर हा युक्तिवाद तिथेच संपतो, आणि लाकडाचा धूर भट्टीपुढे उभ्या माणसाच्या छातीला वाईटच. लाकूड सुकलेले वापरावे आणि धुराडे उंच असावे. ओले लाकूड पाणी उडवण्यातच उष्णता घालवते आणि काजळी धरते.

आमच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) दोन वर्षांत दोनदा खारे पाणी शिरले. हा हवामानबदल का? (चोडण)

एका बांधफुटीवर तसा शिक्का मारता येत नाही. जगातल्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. त्याचा परिणाम बांधाच्या माथ्यापेक्षा मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारांवर) आधी होतो. ओहोटीला मानशीची दारे उघडून शेतातले पाणी बाहेर पडते आणि भरतीला बाहेरच्या दाबानेच ती मिटतात. नदीची पातळी वर सरकली की दारे उघडी राहण्याचा वेळ कमी होतो. त्यात हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे एका दिवसात कोसळणारा पाऊस वाढतो. भरती आणि असा पाऊस एकाच वेळी आले की आतले पाणी अडते.

पण बांध फुटतो तो बहुधा कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) बिळांतून आणि कुजलेल्या दारातून. आधी अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला बांधाच्या आतल्या बाजूने चाला. पाझर गढूळ असेल तर आतून माती वाहते आहे, ती जागा लगेच खणून चिखलाने भरा. पाणी स्वच्छ झिरपत असेल तर थोडी उसंत आहे. उंची वाढवायची तर पायाही रुंद करा. नुसता माथ्यावर थर टाकला तर तो पहिल्या पावसात घसरतो.

सगळे देश उत्सर्जन कमी करू म्हणतात, तरी खाणी आणि विहिरी वाढतातच. हे कसे? (मडगाव, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

कारण देशांनी दिलेले शब्द धुराड्याचे आहेत, खाणीचे फारसे नाहीत. जीवाश्म इंधनांपासून दूर जायचे, एवढे शब्द सगळ्यांच्या करारात यायला डिसेंबर २०२३ ची दुबईतली हवामान परिषद उजाडावी लागली. दरम्यान, तापमानवाढ १.५ अंशावर थांबण्याची निम्मी शक्यता हवी तर २०२० पासून पुढे फक्त ५०० अब्ज टन सोडता येतील, असे आयपीसीसीने (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाने) सांगितले होते. दरवर्षी सुमारे ४० अब्ज टन जातात, भागाकार तुम्हीच करा. आज उभी असलेली, जीवाश्म इंधनांवर चालणारी यंत्रणाच तिच्या आयुष्यात सुमारे ६६० अब्ज टन सोडणार आहे, नियोजित धरली तर ८५०. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२३ च्या अहवालानुसार, २०३० साठी सरकारांनी आखलेले उत्पादन १.५ अंशाशी जुळणाऱ्या पातळीपेक्षा ११० टक्के जास्त होते.

समुद्रातल्या विहिरीचा बहुतेक खर्च तेल निघण्याआधीच होतो. तो एकदा बुडाला की भाव पडले तरी उपसा चालू ठेवणेच फायद्याचे, कारण रोजचा खर्च कमी असतो. त्यामुळे आज दिलेला परवाना पुढची वीस-तीस वर्षे बांधून टाकतो. दुसरे कारण महसूल. गोव्याला हे नवे नाही: २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लोहखनिज थांबले, तेव्हा ट्रक आणि बार्जवाले हप्त्यांत अडकले आणि सरकारची तिजोरीही हलली. जिथे पगार आणि शाळा तेलावर चालतात, तिथे बंद करण्याचा निर्णय आपणहून कोण घेईल? ‘आम्ही थांबलो तर दुसरा काढेल’ हा युक्तिवाद मात्र अर्धाच खरा. दुसरा काढतो, पण सगळे भरून काढत नाही. भाव चढतात आणि वापर थोडा घटतो.

पाइपचा गॅस सिलिंडरपेक्षा हवामानाला बरा का? (म्हापसा)

जळताना थोडा बरा. पण पाइपमध्ये मिथेन असतो आणि न जळता निसटला तर तो वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. विहिरीपासून शेगडीपर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास गळती झाली, तर वीज करताना कोळशावरची त्याची आघाडी त्या काळात संपते. घरातले जोड वर्षातून एकदा साबणाच्या पाण्याने तपासा, बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बंद करून माणूस बोलवा. मिथेन हवेहून हलका असल्याने वर साचतो, सिलिंडरचा गॅस जड असल्याने खाली. पाइपचा गॅस घेतलात तर स्वयंपाकघरातली वरची झरोक्याची जागा मोकळी ठेवा.