कामगारांचे प्रश्न : टीबी झाला म्हणून राजीनामा?
(ऑगस्ट २०२३)

प्रश्न : माझे मिस्टर भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये ९ वर्षं ऑपरेटर आहेत. पगार १७,५००. जूनमध्ये थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) दवाखान्यातून औषधं चालू आहेत, घरी थांबायला सांगितलंय. सर्टिफिकेटं घरातच पडून आहेत. आता सुपरवायझर म्हणतात, "राजीनामा लिहून दे, बरा झालास की परत घेतो." द्यावा का?
— एक भगिनी, भोसरी

उत्तर : ताई, अजिबात नाही. "परत घेतो" ऐकून सही केलेले बरेच जण मी युनियनच्या ऑफिसात पाहिलेत. परत घेतलेला एकही आठवत नाही.

सुपरवायझर राजीनामाच का मागतोय, ते बघा. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचं (हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) कलम ७३ सांगत होतं की, रीतसर सर्टिफिकेट असलेल्या आजारपणात मालकाला कामगाराला काढता येत नाही, खालच्या जागेवर टाकता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. त्या काळात दिलेली नोटीससुद्धा बाद. पण माणूस "स्वखुशीने" सोडून गेला, तर कलम ७३ काय करणार? हे संरक्षण जन्मभराचं नाही. टीबीच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या औषधोपचाराला मात्र ते पुरतं.

म्हणून सर्टिफिकेटं आधी घराबाहेर काढा. मूळ प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात, झेरॉक्स कंपनीला. गेटवर पोच देत नसतील तर पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. पाळीच्या सुपरवायझरला तोंडी सांगितलं होतं, हे पुढे कुणी मानत नाही. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवरही विसंबू नका.

आता पैशाचं. पगार २१,००० च्या आत, म्हणजे मिस्टर योजनेत बसतात. दर महिन्याला पगारातून जे सव्वाशे-दीडशे रुपये कापले जातात, ते याच दिवसासाठी. आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. तुमच्या हिशेबाने महिन्याला साधारण १२,२५०. टीबी दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने त्यापुढे ८० टक्क्यांनी वाढीव लाभ मिळतो आणि तो दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. त्याला सलग दोन वर्षांची विमापात्र नोकरी लागते. तुमची ९ वर्षं आहेत, पण मालकाने हप्ते भरलेत ना, हे विमा क्रमांकावरून शाखेत विचारून घ्या. कापून न भरणारे महाभाग असतात.

औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. तरी कामावर जायचं ते डॉक्टरांनी फिट सर्टिफिकेट दिल्यावरच.

प्रश्न : आळंदीच्या साथीत माझेही डोळे आले. कापड दुकानाच्या शेठने चार दिवस येऊ नको म्हटलं, आणि पगारही कापला. आम्ही १४ जण कामाला आहोत.
— एक सेल्समन, आळंदी

उत्तर : साथीच्या आजारासाठी वेगळी रजा दुकान कायद्यात नाही. पण २०२३ मध्ये १० किंवा जास्त कामगार असले की महाराष्ट्राच्या २०१७ च्या याच कायद्याने वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा मिळायची. ती तिमाहीगणिक जमा व्हायची आणि वर्षअखेर उरलेली बुडायची. जमा असलेले दिवस या चार दिवसांत धरा, असं शेठना लेखी सांगा. "येऊ नको" हा त्यांचा व्हॉट्सअॅपवरचा निरोप असेल, तर पुसू नका.