आईचा नाला, संपादकांची नदी

एका वाचकांनी विचारलं आहे: मुंबईतल्या दहिसर नदीकाठच्या लहानपणावर त्यांनी सोसायटीच्या स्मरणिकेसाठी लेख लिहिला. त्यात आईचं वाक्य होतं, ‘शाळेतून येताना नाल्यात उतरू नका रे.’ संपादकांनी ‘नाल्यात’ खोडून ‘नदीत’ केलं. नाला सांडपाण्याचा असतो, नदीला नाला म्हणणं चूक, असं त्यांचं मत. तर आई चुकली का?

मुळीच नाही. ‘नदी-नाले दुथडी भरून वाहू लागले’ हे वाक्य आपण दर पावसाळ्यात वाचतो. त्यातल्या नाल्यांना घाण वास येतो असं कुणाच्या मनातही येत नाही. जलयुक्त शिवारच्या कामांत ‘नाला खोलीकरण’ असतं, कृषी खात्याचा ‘नालाबांध’ तर त्याहून जुना. ते नाले रानातले, पावसाळ्यात धावणारे आणि उन्हाळ्यात आटणारे. विदर्भात तर गावाशेजारच्या वाहत्या पाण्याला नालाच म्हणतात. पोरं त्यात डुंबतात, बैल पाणी पितात.

माझंही लहानपण याच नदीवर गेलं, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटला. आमच्या एका घरात या पाण्याला तीन नावं होती. आजी राजापूरकडची, ती ‘पऱ्या’ म्हणायची. आई साताऱ्याची, तिच्या तोंडी ‘ओढा’. आणि आम्ही मुलं चाळीतल्या सगळ्यांसारखं ‘नाला’. शेजारच्या मालवणी काकू ‘व्हाळ’ म्हणायच्या, ते धरलं तर चार. दौलतनगरच्या बाजूला बायका दगडावर कपडे आपटायच्या, वरच्या अंगाला तबेल्याच्या म्हशी डुंबायच्या, आणि आम्ही दगड उलटे करून चिंबोऱ्या शोधायचो. पाऊस लागला की आई दारातूनच ओरडायची, ‘पाण्याला ओढ आहे, लांब राहा!’ ओढ्याची ओढ मला तेव्हा पायांना कळली होती. कांदरपाड्याच्या पुढे भरतीचं खारं पाणी आत यायचं, तिथवर चालत जायची मात्र परवानगी नव्हती. अर्थात, आम्ही गेलो होतो.

मग नाल्याचा वास कधीपासून येऊ लागला? हा अर्थ शहराने दिला. वस्ती वाढली, घरांचं आणि तबेल्यांचं सांडपाणी जवळच्या वाहत्या पाण्यात सुटलं, आणि पाण्याबरोबर शब्दही मळला. मुंबईत आज नाला म्हटलं की पावसाळ्याआधीची नालेसफाई आठवते. गटार हा शब्द मुळातच मैल्याचा, पण नाला बिचारा उगाच त्याच्या पंगतीला बसला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून पूर आला, तेव्हा आपण रोज ओलांडतो तो नाला म्हणजे मिठी नदी आहे हे कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदाच समजलं. म्हणून संपादकांचा हेतू मी समजू शकते. नदीला नदी म्हणा, हा आग्रह या शहरात गरजेचाच आहे. तुळशी तलावापासून निघून, राष्ट्रीय उद्यानातून, श्रीकृष्णनगर आणि दौलतनगरवरून मनोरीच्या खाडीला मिळणारी दहिसर नदी ही नदीच आहे.

आता व्युत्पत्ती. नदी हा शब्द संस्कृत ‘नद्’ या धातूवरून येतो. नद् म्हणजे आवाज करणे, नाद त्यातलाच. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात पाण्यांना उद्देशून म्हटलं आहे की अहीचा, म्हणजे पाणी अडवून बसलेल्या सर्परूपी वृत्राचा, वध झाल्यावर तुम्ही नाद करत निघालात, म्हणून तुमचं नाव नदी. नदी म्हणजे वाजत जाणारी! नाला मात्र नळ, नळी, नाळ यांच्या घराण्यातला. संस्कृतात ‘नाल’ म्हणजे पोकळ देठ, कमळाचा असतो तसा. एका शब्दात पाण्याचा आवाज आहे, दुसऱ्यात पाण्याची वाट. मुळात दोन्हींतही घाण नाही.

आणि तो ‘दुथडी’. थडी म्हणजे काठ, काठाची जमीन. भीमथडी हा भीमेकाठचा मुलूख, गंगथडी हा गोदावरीकाठचा. दोन्ही थड्या भरून पाणी गेलं की नदी दुथडी. आमचं सगळं खेळणं थडीवरचं होतं, पाण्यात उतरणं त्या मानाने कमीच. २००५च्या त्या पुरानंतर मुंबईत नद्यांना काँक्रीटच्या संरक्षक भिंती बांधल्या गेल्या, आणि भिंत उभी राहते तिथे थडी उरत नाही. पाणी आहे, पण त्याच्याकडे उतरून जायला जागा नाही. तुळतुळीत भिंतींमधून पाणी वाजतही नाही, दगडांवरून जाताना वाजतं. मला यात फार दुःख होतं: नदीला नाला म्हटल्याने काही बिघडलं नव्हतं, पण तिची खरोखरच नळी केली गेली.

तर लेखाचं असं करा. आईच्या तोंडचं वाक्य अवतरणात आहे, तिथे ‘नाल्यात’ परत घाला. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द बदलायचा अधिकार संपादकांनाही नसतो. जिथे तुम्ही स्वतः आज सांगता आहात, तिथे पूर्ण नाव लिहा, ‘दहिसर नदी’. आणि ओढा, पऱ्या, व्हाळ यातलं तुमच्याही घरात काही बोललं जात असेल तर तेही लेखात येऊ द्या.