सर्टिफिकेट आहे, तरी माल का फसतो?

प्रश्न : पुरवठादाराकडे आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक) सर्टिफिकेट आहे, आमच्याकडे आवक तपासणीत लॉटही (एका खेपेचा माल) पास होतात. तरी जोडणीच्या वेळी दोषी भाग निघतातच. गडबड कुठे आहे?

उत्तर : आयएसओ ९००१ कामाची पद्धत तपासतं, भागाचं माप नव्हे. सर्टिफिकेटवर आधी ‘स्कोप’ (कोणत्या कामासाठी ते दिलंय) आणि पत्ता वाचा. सर्टिफिकेट एका प्लँटचं आणि माल दुसऱ्याच प्लँटचा, असं सर्रास असतं. तीन वर्षांची मुदत चालू आहे का, दरम्यान सर्व्हेलन्स ऑडिट (मधली देखरेख तपासणी) झालं का, हेही विचारा.

आता तपासणी. आयएसओ २८५९-१ या नमुना तपासणीच्या मानकाच्या नेहमीच्या पातळी २ ला १,००० नगांच्या लॉटमधून ८० नग उचलतात. एक्यूएल (चालवून घेण्याजोग्या दोषांची टक्केवारी) १.० असेल, तर २ दोषींपर्यंत लॉट घ्यायचा, ३ निघाले की परत. पण लॉटमध्ये ४ टक्के नग दोषी असले, तरी तो पास होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते! तेव्हा आवक तपासणीवर सगळी भिस्त ठेवू नका. महत्त्वाच्या मापांसाठी पुरवठादाराकडून कंट्रोल चार्ट (उत्पादन चालू असताना घेतलेल्या मापांचा आलेख) मागवा, सीपीके (माप मर्यादेत राखण्याची प्रक्रियेची क्षमता दाखवणारा आकडा) १.३३ च्या खाली असेल, तर दुरुस्ती त्याच्या मशीनवर व्हायला हवी.

आणि खरेदी ऑर्डरमध्येच लिहा : कच्चा माल, डाय, प्लँट किंवा उप-पुरवठादार बदलण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. आयएसओ ९००१ च्या कलम ८.४.३ मध्ये पुरवठादाराला अपेक्षा आधी कळवायच्या असतात, त्यात हे चपखल बसतं. चांगला चाललेला भाग अचानक बिघडला, तर पहिला संशय असल्या गुपचूप बदलाचाच घ्यावा.

प्रश्न : रोज सरासरी १०० नग लागतात, माल यायला सरासरी १६ दिवस. सुरक्षा साठा (अडीअडचणीसाठी जादा माल) किती ठेवावा?

उत्तर : नुसत्या सरासरीवरून सांगता येत नाही, चढउतार हवा. समजा, रोजच्या मागणीचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप) २० नग आहे आणि माल ठरल्या दिवशीच येतो. मग ९५ टक्के खात्रीसाठी (तिचा गुणक १.६५) १.६५ × २० × √१६, म्हणजे १३२ नग पुरतात. पण लीड टाइमचंही (माल यायला लागणाऱ्या दिवसांचंही) प्रमाण विचलन ३ दिवस असेल, तर १.६५ × √(१६ × २०² + १००² × ३²), म्हणजे सुमारे ५१२! एवढा पैसा गोदामात अडकवण्याआधी पुरवठादाराशी वक्तशीरपणाची बोलणी करा. दुसरा पुरवठादार जोडत असाल, तर दोघांचा कच्चा माल एकाच ठिकाणाहून येत नाही ना, हे पाहा. तसं असेल तर जोखीम होती तिथेच राहते.