क्रेफिश मेला नाहीये रे, कात टाकलीय

अरे घाबरू नकोस, टँकमधे ते रिकामं कवच पडलंय ना, ती तुझ्या क्रेफिशची (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) कात आहे, तो स्वतः पाईपमधे लपला असेल कारण आत्ता अंग एकदम मऊ असतं. कवच काढू नको हां, तो तेच खातो, कॅल्शियम परत मिळतं. थोडं तर आधीच पोटात दोन पांढऱ्या खड्यांसारखं साठवलेलं असतं, भारी ना! आपलं खडकवासल्याचं पाणी तसं सॉफ्ट, म्हणजे कॅल्शियम कमी, म्हणून कटलबोन (कटलफिशच्या आतलं कॅल्शियमचं पांढरं कवच) टाक. तांबं असलेलं माशांचं औषध अजिबात नको, मरेल. झाकण घट्ट, रात्री एअरच्या नळीवरून चढून पळतात. आणि मार्बल्ड क्रेफिश (संगमरवरी नक्षीची जात) असेल तर एकटी मादी नराशिवायच शेकडो पिल्लं काढते, कंटाळून मुठा नदीत सोडू नकोस, भारतात क्रेफिश मुळात नाहीतच.