रिसेप्शनच्या कॉम्प्युटरमधले पासवर्ड पुसण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तारकर्लीच्या तुमच्या घरगुती निवासात रिसेप्शनला एकच कॉम्प्युटर आहे, त्यात इंटरनेटसाठी क्रोम हा ब्राउझर. आतापर्यंत पुतण्या ते सगळं बघायचा, आता तो गोव्याला नोकरीला लागलाय. पाहुणे तिकिटं प्रिंट करायला त्याच कॉम्प्युटरवर आपापलं जीमेल उघडतात. त्यामुळे हल्ली लॉगिनच्या चौकटीत क्लिक केलं की अनोळखी ईमेलची रांग खाली उघडते, आणि तुमच्या बुकिंग साइटचा नि बँकेचा पासवर्ड तर न विचारताच भरला जातो. हे सगळं काढायचंय, पण तुमच्या मोबाइलमधलं काही जाता कामा नये.

कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की 'हिस्टरी क्लिअर करा, झालं काम'. ते आज करू नका. आधी क्रोम उघडून उजव्या वरच्या कोपऱ्यातला छोटा गोल बघा. त्यात कुणाचा फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

गोलात कुणीच नसेल, नुसती माणसाची कोरी आकृती असेल, तर काम सोपं आहे. पासवर्ड फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, बिनधास्त पुसा. तुमचाच फोटो असेल तर ते पासवर्ड तुमच्या गूगल खात्यात साठलेले असणार, आणि तेच खातं तुमच्या मोबाइलमध्येही आहे. म्हणजे इथे पुसलेला पासवर्ड मोबाइलमधूनही जाणार. तुम्हाला भीती आहे ती नेमकी हीच.

पण तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, तिथे पुतण्याचं खातं असावं. मालक एक, टेबलावर बसणारा दुसरा, अशा बहुतेक ठिकाणी हेच आढळतं. कॉम्प्युटर नवा असताना पोरगं स्वतःच्या जीमेलने क्रोममध्ये साइन इन करतं आणि नंतर त्याचा कुणालाच पत्ता राहत नाही. सिंक, म्हणजे क्रोममधलं सगळं गूगल खात्यातही आपोआप साठवण्याची सोय, चालू असेल, तर तेव्हापासून तुम्ही 'सेव्ह' म्हणून दाबलेला प्रत्येक पासवर्ड त्याच्या गूगल खात्यात गेलाय. तुमच्या बँकेचासुद्धा. गोव्यात बसून तो आपल्या फोनवर ते बघू शकतो. त्याच्या मनात काही वाकडं असेल असं मी म्हणत नाही, बहुधा त्याला हे ठाऊकही नसेल. पण त्याचा फोन हरवला किंवा दुसऱ्या कुणाच्या हातात पडला, तर त्यासोबत तुमचे पासवर्डही जातात. उलट बाजूही बघा. त्या खात्यात शिरून तुम्ही सगळे पासवर्ड उडवलेत, तर त्याचे स्वतःचेही उडतील आणि रात्री फोन येईल, 'काकी, काय केलंस गो?'

म्हणून पुतण्याचं खातं निघालं तर तिथले पासवर्ड एकेक करून पुसत बसू नका. आधी त्याला फोन करून सांगा. मग क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'पासवर्ड्स अँड ऑटोफिल' आणि त्यात 'गूगल पासवर्ड मॅनेजर' उघडा. साइटच्या नावांची यादी दिसेल. त्यातल्या तुमच्या साइट कोणत्या, एवढंच कागदावर उतरवा. एखादा पासवर्ड आठवत नसेल तर त्या साइटवर क्लिक करून डोळ्याचं चिन्ह दाबा. आता एक गोष्ट नीट बघा: डोळा दाबल्यावर विंडोज पिन किंवा पासवर्ड मागतं का? कॉम्प्युटरला पासवर्डच ठेवलेला नसेल तर काहीही न विचारता अक्षरं सरळ समोर येतात. म्हणजे चहा सांगायला तुम्ही आत गेलात, तेवढ्या वेळात कुठलाही पाहुणा ती यादी वाचू शकतो. तसं असेल तर त्याच दिवशी विंडोजला पासवर्ड लावा. बाकीचं उद्या केलंत तरी चालेल.

यादी झाली की पासवर्ड बदलायला बसा. बदलाबदली तुमच्या मोबाइलवरून करा, रिसेप्शनवरून नको, नाहीतर क्रोम नवा पासवर्डही तिथेच ठेवायला मागेल. पहिला नंबर तुमच्या ईमेलचा, कारण बाकी सगळ्या साइटचे 'पासवर्ड विसरलात?'वाले मेल तिथेच येतात. त्यानंतर बँक, मग बुकिंगच्या साइट, रेल्वे तिकिटाची साइट वगैरे. बदलताना त्या त्या खात्यात मोबाइल नंबर कुणाचा नोंदवलाय तेही बघून घ्या. बुकिंगच्या साइटवर खातं पुतण्याने उघडलं असेल तर ओटीपी अजून त्यालाच जात असेल. पासवर्ड बदलला आणि नंबर तसाच राहिला, तर ऐन मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तुम्ही ओटीपीसाठी गोव्याला फोन लावत बसाल.

पासवर्ड बदलण्यावर एवढा भर देतोय, त्याला कारण आहे. ब्राउझरमधून पासवर्ड पुसला की फक्त त्या ब्राउझरमधली प्रत जाते. ज्याने तो कुठे उतरवून घेतलाय, ज्याच्या फोनमध्ये तो सिंक झालाय, त्याच्याकडे तो राहतोच आणि चालतोही. शिवाय आधीच उघडलेलं लॉगिन पासवर्ड पुसल्याने बंद होत नाही. ते कुकीजवर, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींवर चालतं, त्याचा सेव्ह केलेल्या पासवर्डशी संबंध नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. कॉम्प्युटर धाडकन बंद होतो, लाईट आल्यावर क्रोम विचारतं 'रिस्टोअर करू?', आणि हो म्हटलं की मघाच्या पाहुण्याचं उघडं जीमेल जसंच्या तसं समोर! तुमच्या बाबतीतही तेच होऊ शकतं. म्हणून मोबाइलवर गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' विभागात जा. तिथे तुमचं खातं कुठल्या कुठल्या उपकरणांवर चालू आहे याची यादी असते. रिसेप्शनचा कॉम्प्युटर आणि ओळखीचं नसलेलं जे काही दिसेल ते तिथूनच साइन आउट करा. इतर साइटवरही 'सगळीकडून लॉगआउट' असा पर्याय मिळाला तर तोही वापरा.

एवढं झालं की मग पुसणं. पुतण्याचं खातं असेल तर कोपऱ्यातल्या गोलावर क्लिक करून प्रोफाइल (क्रोममधला एकेका माणसाचा वेगळा कप्पा) सांभाळण्याच्या पानावर जा, त्याच्या प्रोफाइलच्या चौकटीवरचे तीन ठिपके दाबा आणि 'डिलीट' निवडा. त्या प्रोफाइलची हिस्टरी, बुकमार्क, पासवर्ड सगळं त्या कॉम्प्युटरवरून जातं आणि त्याच्या गूगल खात्यातलं त्याचं सामान शाबूत राहतं. त्याच्या खात्यात उरलेले तुमचे पासवर्ड तोवर जुने, निरुपयोगी झालेले असतील. ते त्याने सवडीने काढावेत.

तुमचं स्वतःचं खातं निघालं तरी हाच मार्ग: रिसेप्शनवरचं प्रोफाइल डिलीट करा, पासवर्ड मॅनेजरमधल्या यादीला हात लावू नका. मोबाइलमधलं सगळं जागेवर राहील. फक्त त्याआधी मोबाइलच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ते पासवर्ड खरंच दिसतायत का ते डोळ्यांनी बघून घ्या. सिंक मध्येच कधी बंद पडलं असेल तर काही पासवर्ड त्या कॉम्प्युटरमध्येच अडकलेले असतात.

कुणाचंच खातं नसेल तरच यादीतला एकेक पासवर्ड उघडून 'डिलीट' करा. नव्या क्रोममध्ये पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये सगळं एकदम पुसायची सोय आहे. जुन्या क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून जी खिडकी येते, तिच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात पासवर्डसमोर खूण करावी लागते. तिथे वरचा कालावधी 'ऑल टाइम' करायला विसरू नका. नाहीतर शेवटच्या थोड्या वेळातलं पुसलं जातं आणि जुनं सगळं जिथल्या तिथे. याच खिडकीतून कुकीजही काढा. गूगलच्या लॉगिन पानावर पाहुण्यांच्या खात्यांची जी यादी दिसते ती कुकीजमुळे असते, पासवर्ड पुसून ती जाणार नाही. चौकटीखाली उघडणारी ईमेलची रांग मात्र बऱ्याचदा फॉर्म भरल्याच्या नोंदींमुळे असते. एखादी नोंद बाणाच्या बटणाने निवडून शिफ्ट आणि डिलीट दाबलं की ती जाते.

एज हा दुसरा ब्राउझर उघडूनही बघा. विंडोजबरोबर ते येतंच, आणि पहिल्यांदा सुरू करताना ते क्रोममधला डेटा आणू का असं विचारतं. घाईत कुणी हो म्हटलं असेल तर तेच पासवर्ड तिथेही बसलेले असतील. एजच्या सेटिंग्जमध्ये पासवर्डचा विभाग आहे, तिथून काढा. फायरफॉक्स हा ब्राउझर असेल तर मेनूतल्या 'पासवर्ड्स'मध्ये जाऊन वरच्या तीन ठिपक्यांत 'रिमूव्ह ऑल' मिळेल. फायरफॉक्सची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्यात 'प्रायमरी पासवर्ड' लावता येतो. तो दिल्याशिवाय साठवलेला एकही पासवर्ड उघडत नाही, मग विंडोजला कुलूप असो वा नसो.

डाऊनलोड्सचा फोल्डरही तपासा. पुतण्याने कधी पासवर्ड 'एक्सपोर्ट' केले असतील तर तिथे एक सीएसव्ही फाइल असेल. ती एक्सेलमध्ये उघडते आणि त्यात सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात. सापडली तर डिलीट करून रिसायकल बिनही रिकामी करा. तिथेच पाहुण्यांची तिकिटं आणि आधार कार्डाच्या पीडीएफ पडलेल्या असतील, त्याही काढा. दुसऱ्याचं आधार आपल्याकडे उगीच साठवून ठेवण्यात आपलंच नुकसान.

पुढच्यासाठी पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पासवर्ड सेव्ह करायला विचारण्याचा पर्याय बंद करा. पाहुण्यांना क्रोमची गेस्ट खिडकी उघडून द्या, ती कोपऱ्यातल्या त्याच गोलातून मिळते. ती बंद केली की त्यांचं लॉगिन आणि हिस्टरी राहत नाही. डाऊनलोड केलेल्या फाइल मात्र राहतात, म्हणून तो फोल्डर आठवड्याला साफ करायची सवय ठेवा. बँक त्या कॉम्प्युटरवर उघडूच नका, मोबाइल पुरे.

आणि पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून वहीत लिहायचे असतील तर खुशाल लिहा, मला त्यात काही गैर वाटत नाही. वही घरातल्या कपाटात ठेवा म्हणजे झालं. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी मात्र आजच काढा. काढायच्या आधी तिचा फोटो घेऊन घरच्या ग्रुपवर टाकू नका, हेही सांगून ठेवतो, कारण तसं करणारी माणसं मी पाहिलीत.

बँकेच्या खात्यात न ओळखता येणारा व्यवहार दिसला तर यातलं काही करत बसू नका. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा.