मराठवाड्यातल्या मुस्लिमांवर संशोधन करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की एम.ए.चा प्रबंध मराठवाड्यातल्या मुस्लिम अल्पसंख्याकांवर करायचा आहे, तुम्ही स्वतः मुस्लिम नाही, उर्दू येत नाही, तर जमेल का. जमेल. मीही मुस्लिम नाही, परभणीकडचा आहे, आणि याच विषयात काही वर्षं घातली आहेत. माझी पहिली चूक सांगतो, म्हणजे तुमचे सहा महिने वाचतील.

मी प्रश्नावली छापून एका गावात गेलो. पहिलाच प्रश्न होता, ‘अल्पसंख्याक म्हणून तुम्हाला कोणत्या अडचणी येतात?’ ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या चाचांनी मलाच विचारलं, "अल्पसंख्याक म्हंजे ते शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर लिहितेत तेच का? आमी मुलाणी हाव बाबा. गावच्या कंदुरीचं बकरं आमच्याच हातानं कापतेत." मग त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. मुंतखब होता, म्हणजे इनाम मंजूर केल्याचा निजामकाळचा सरकारी कागद, आजोबांच्या जमिनीचा. कागद उर्दूत, चाचा शिकलेले मराठी शाळेत. त्यांना वाचता येईना, मलाही येईना. दोघं नुसते त्या शिक्क्याकडं बघत बसलो.

त्या दुपारनंतर मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि ‘अल्पसंख्याक’ हा शब्द नेमका कुणाचा, हेच शोधायला लागलो. संख्येनं पाहिलं तर निजामाच्या हैदराबाद संस्थानातही मुस्लिम साधारण १३ टक्केच होते. आज २०११ च्या जनगणनेप्रमाणे औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात ते २१ टक्क्यांच्या आसपास आहेत, राज्यात साडेअकरा. म्हणजे डोकी मोजून हा प्रश्न सुटत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याच्या कारवाईनं निजामाची सत्ता संपली, तेव्हा बदललं ते राज्य, कचेरीची भाषा, नोकऱ्या. चाचांसारख्या मुलाण्याला निजामाच्या राज्यात तरी सत्तेतलं काय मिळत होतं, हा वेगळा प्रश्न, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. पिंजारी, बागवान, तांबोळी, मोमीन, अत्तार, शिकलगार यांना एकाच रकान्यात कोंबू नका. इम्तियाज अहमद यांनी १९७० च्या दशकात संपादित केलेले मुस्लिमांतल्या जातींवरचे लेख आधी वाचा, मग गावात जा.

या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक १९७९ पासून निघतं, ‘जर्नल ऑफ मुस्लिम मायनॉरिटी अफेअर्स’. ते चाळाच. पण युरोपवरचं बरंचसं लिखाण स्थलांतरितांबद्दल आहे, दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेल्या लोकांबद्दल. खुलदाबादला चौदाव्या शतकातले दर्गे आहेत, तिथं ती चौकट बसवायला गेलात तर फसाल. त्यापेक्षा चीनमधल्या हुई मुस्लिमांवरचं ड्रू ग्लॅडनी यांचं काम उपयोगी पडेल. सरकारी रकाना हळूहळू लोकांची स्वतःची ओळख कसा बनतो, ते त्यात दिसतं. चाचांचा फॉर्म मला तिथं पुन्हा भेटला.

मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरचे दोन सरकारी अहवाल, केंद्राच्या सच्चर समितीचा २००६ चा आणि राज्याच्या महमूद-उर-रहमान समितीचा, आकडेवारीसाठी लागतील.

१९४८ बद्दल मात्र जपून. एकाच गावात एक जण ‘मुक्तिसंग्राम’ म्हणेल, दुसरा ‘पोलीस ॲक्शन’. रझाकारांनी जाळलेलं घरही तिथंच असतं आणि नंतर मारल्या गेलेल्या माणसांची आठवणही तिथंच. केंद्र सरकारनं पाहणीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं कारवाईच्या काळातल्या आणि नंतरच्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. पहिल्या भेटीत हा विषय काढू नका. एका म्हातारीनं चौथ्या भेटीत आपणहून सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी वही मिटून ठेवली होती.

आणि उर्दू शिका, टाळू नका. निजामकाळचे बरेच महसुली कागद उर्दूत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघाल्यावर सरकारलाही उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. छापील उर्दू चार-सहा महिन्यांत येते. हाताचं शिकस्ता, म्हणजे घाईत लिहिलेलं जोडाजोडीचं अक्षर वेळ खातं, त्याला माणूसच लागतो. मला उर्दू शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी रोज मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर तासभर शिकवलं, एक पैसा घेतला नाही. थोडं जमायला लागल्यावर मी गुरुजींना घेऊन चाचांच्या ओसरीवर गेलो आणि तो मुंतखब अडखळत मोठ्यानं वाचला. आजोबांचं नाव आलं तेव्हा चाचांनी हात वर केला आणि ती ओळ परत वाचायला लावली.