तंबोऱ्यातली ‘टक्’ आणि घरच्या स्टुडिओचा संगणक

प्रश्न : निवृत्तीनंतर मी घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत गायन, तंबोरा, हार्मोनियम आणि तबला यांचे ध्वनिमुद्रण करतो. सध्याच्या लॅपटॉपवर मध्येच ‘टक्’ असा आवाज मुद्रित होतो, गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि लॅपटॉपच्या पंख्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरते. ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज संगणकात पोहोचवणारी पेटी) माझ्याकडे आहे. सुमारे 80 हजार रुपयांत सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घ्यावा असे मनात आहे. दुकानदार मात्र ‘गेमिंगचाच घ्या, सगळ्यात फास्ट तोच’ असा आग्रह धरतात. काय करावे? – एक वाचक, मिरज

उत्तर : गेमिंगचा संगणक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या तक्रारींपैकी एक तर नवा संगणक न घेताही दूर होईल, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचे बटण किंवा खटका असतो. तो चालू केला की मायक्रोफोनचा आवाज संगणकातून फिरून येण्याऐवजी इंटरफेसमधूनच थेट हेडफोनमध्येही येतो आणि उशीर जवळपास उरत नाही. मात्र त्याच वेळी सॉफ्टवेअरमधले त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करावे, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

आता ‘टक्’विषयी. प्रतिसेकंद आवाजाचे 48,000 नमुने (मोजमापे) आणि 128 नमुन्यांचा बफर (एका वेळी हाताळायचा तुकडा) धरला, तर संगणकाला दर 2.7 मिलिसेकंदांनी आवाजाचा एक तुकडा तयार करून द्यावाच लागतो. त्यातला एक तुकडा जरी वेळेवर पोहोचला नाही, तरी तिथे खळगा पडतो आणि तोच ‘टक्’ म्हणून ऐकू येतो. खेळात एखादे चित्र क्षणभर अडखळले तर ते खपून जाते. तबल्याच्या थापेतही ही ‘टक्’ एखादे वेळी लपेल, पण तंबोऱ्याच्या अखंड झंकारात ती लपत नाही. म्हणून आपल्याला संगणकाच्या सरासरी वेगापेक्षा त्याच्या वक्तशीरपणाची गरज जास्त आहे.

हा वक्तशीरपणा बहुधा प्रोसेसर दुबळा असल्यामुळे बिघडत नाही. वाय-फाय, ब्लूटूथ किंवा ग्राफिक्स यांचा एखादा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरतो आणि तेवढ्यात आवाजाची वेळ चुकते. माझ्या एका मित्राच्या, चांगल्या महागड्या यंत्रावर तंबोऱ्याच्या चाळीस मिनिटांच्या मुद्रणात अशा अकरा ‘टक्’ आम्ही हेडफोन लावून मोजल्या होत्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वाय-फाय कार्ड बंद केले आणि पुढच्या चाळीस मिनिटांत एकही आली नाही. लॅपटॉप टाकून देण्याआधी आपणही हा प्रयोग करावा. कोणता ड्रायव्हर अडवतो आहे, हे ‘लेटन्सीमॉन’ या सॉफ्टवेअरमध्ये नावासह दिसते.

एवढे करूनही संगणक घ्यायचा ठरला, तर सहा किंवा आठ कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांचा) प्रोसेसर पुरेसा आहे. गायकाच्या एका ट्रॅकवर लावलेले प्लगइन (आवाजावर संस्कार करणारी जोड-सॉफ्टवेअर) एकापाठोपाठ एक आणि सहसा एकाच कोअरवर चालतात, त्यामुळे कोअरच्या संख्येआधी एका कोअरचा वेग पाहावा. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेऊ नये, कारण त्यात पैसे जातात, उष्णता वाढते आणि आणखी एक पंखा व आणखी एक ड्रायव्हर गळ्यात पडतो. इंटेलचा प्रोसेसर घेणार असाल, तर नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला टाळावा, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीतले डेस्कटॉपचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे 2024 मध्ये कंपनीनेच मान्य केले. त्यावरचा उपाय बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून मिळतो, पण आधीच झालेली इजा त्याने भरून निघत नाही, म्हणून असा प्रोसेसर जुन्या बाजारातून घेऊ नये.

रॅम 32 जीबी असावी आणि ती 16 जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण चार पट्ट्या लावल्या की मेमरी पूर्ण वेगाने स्थिर चालवणे अवघड जाते. डिस्कच्या वेगाची मात्र फार चिंता नको. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे 8.6 एमबी जागा घेतो, म्हणजे आठ ट्रॅकचे तासभराचे मुद्रण जेमतेम 4 जीबी भरते. एक एसएसडी विंडोजसाठी आणि दुसरी मुद्रणासाठी ठेवावी. फिरती हार्ड डिस्क फक्त बॅकअपला वापरावी आणि मुद्रण संपल्यावरच जोडावी.

वाचलेला पैसा शांततेवर खर्च करावा. मुद्रणाच्या वेळी आपण छताचा पंखा बंद ठेवत असणार, त्यामुळे मे महिन्यात खोली तापते आणि नेमक्या त्याच वेळी संगणकाचे पंखे जोरात फिरू लागतात. यासाठी प्रोसेसरवर मोठा टॉवर कूलर, कॅबिनेटला 140 मिलिमीटरचे संथ पंखे आणि 550 ते 650 वॅटचा, ‘80 प्लस गोल्ड’ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) घ्यावा. ग्राफिक्स कार्ड नसल्याने एसएमपीएसवर निम्माही भार येत नाही आणि त्याचा पंखा संथच राहतो. कॅबिनेट बंद कपाटात कोंडू नये. त्यापेक्षा भिंतीला भोक पाडून ते शेजारच्या खोलीत ठेवता आले तर फारच उत्तम, कारण यूएसबी 2.0 ची केबल 5 मीटरपर्यंत चालते आणि घरगुती इंटरफेसना बहुधा तेवढी यूएसबी पुरते. इंटरफेस मदरबोर्डच्या मागच्या पोर्टलाच जोडावा, हबला नको.

जुळणी झाल्यावर रात्रभर ‘मेमटेस्ट86’ चालवावा आणि एकही चूक निघाली तर रॅम बदलून घ्यावी. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असल्याने विंडोज 11 घ्यावे. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवून यूएसबीची वीजबचत बंद करावी. मग नुसता तंबोरा दोन तास मुद्रित करावा आणि तो निर्मळ आला की त्याच दिवशी विंडोजच्या डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून ठेवावी, म्हणजे पुढे एखाद्या अपडेटने घडी विस्कटली तरी याच स्थितीला परत येता येईल.

प्रश्न : लॅपटॉपला चार्जर लावला की मुद्रणात सतत ‘हूं’ असा आवाज येतो आणि चार्जर काढला की तो थांबतो. प्लगची मधली जाड पिन काढून टाका, असे एकाने सुचवले आहे. काढू का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : मुळीच काढू नका. ती अर्थिंगची पिन आहे आणि उपकरणात बिघाड झाला तर विजेच्या धक्क्यापासून आपल्याला वाचवण्याचे काम तीच करते. हा आवाज विजेच्या 50 हर्ट्झचा असून, लॅपटॉप व स्पीकर निरनिराळ्या सॉकेटवरून अर्थिंगला जोडले गेले की त्यांच्यात अर्थिंगच्या तारांचा वळसा तयार होऊन तो बहुधा येतो. सगळी उपकरणे अर्थिंग असलेल्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावावीत आणि इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरणारा असा आवाज रद्द करणारी) वापरावी. तरीही आवाज राहिला, तर घराचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे आणि तोपर्यंत बॅटरीवरच मुद्रण करावे.